गडहिंग्लजची पेटी आणि माझी

बायकोच्या बालवाडीतल्या शेल्फावरच्या दोन वस्तूंची मी एका सकाळी गुपचूप अदलाबदल केली, आणि चार वर्षांच्या पोरीनं मला जागेवर पकडलं.

"काका, ते तितं नसतंय."

मी दचकून मागं बघितलं. आरू. रिक्षावाल्या संतोषची मुलगी. पाठीवरचं दप्तर अजून काढलं नव्हतं.

"काय नसतंय गं?"

"ही पेटी खाली असत्या. वर ती गडहिंग्लजची असत्या."

एवढं बोलून तिनं दप्तर उतरवलं, माझी पेटी दोन्ही हातांनी उचलून खालच्या फळीवर ठेवली, गडहिंग्लजची वर ठेवली, दोन्हींच्या कडा शेल्फाच्या कडेला नीट लावल्या आणि चपला काढायला निघून गेली. मी चोपन्न वर्षांचा माणूस. हातातली वस्तू काढून घेतलेल्या पोरासारखा तिथंच उभा राहिलो.

असं करायची पाळी माझ्यावर का आली ते सांगायचं तर आधी माझं काम सांगायला हवं.

मी शिरोली एमआयडीसीत पॅटर्न मेकर. लोखंडाची कुठलीही ओतीव वस्तू आधी लाकडाची होते, हे बाहेरच्या लोकांना माहीत नसतं. पंपाचं पोट असो नाहीतर ट्रॅक्टरचा एखादा भाग, आम्ही तो हुबेहूब लाकडात घडवतो. तो वाळूत दाबायचा, अलगद वर काढायचा आणि वाळूत उरलेल्या पोकळीत वितळलेलं लोखंड ओतायचं. ओतलेलं लोखंड थंड होताना आक्रसतं, म्हणून पॅटर्न मूळ मापापेक्षा किंचित मोठा लागतो. त्यासाठी आमची पट्टीच वेगळी असते, साध्या पट्टीपेक्षा जराशी लांब. लग्नानंतर घरातला पलंग मी सवयीनं त्याच पट्टीनं केला. गादी घातली तर पायथ्याला दोन बोटं फट. सुजाता, म्हणजे माझी बायको, नवीन होती, तरी म्हणाली, "ऱ्हाऊ दे. थंडीत आक्रसंल."

दुसरी गोष्ट टेपर. पॅटर्नच्या बाजू सरळ ठेवल्या तर तो वर काढताना वाळू ढासळते. म्हणून बाजूंना वरून खाली बारीक उतार द्यायचा. तो टेपर जमला की पॅटर्न वाळूतून असा निघतो की वाळूला कळत नाही. माझा टेपर शिरोलीत वाखाणला जायचा. एक फौंड्रीमालक तर गिऱ्हाइकांना घेऊन यायचे आणि माझ्याकडं बोट दाखवून म्हणायचे, "ह्या माणसाचा हात बघून घ्या." मी मान खाली घालून रंधा मारायचो, पण कान तिकडंच असायचे.

मग शेजारच्या शेडमध्ये मशीन आलं. आता ड्रॉइंग कॉम्प्युटरवर येतं आणि मशीन आपलं आपण पॅटर्न कापतं. ते तंबाखू मळत नाही, मेव्हण्याच्या लग्नाची रजा मागत नाही. लोक म्हणतात, मशीनचा राग येतो. खोटं कशाला बोलू, मला हेवा वाटला. मालक आता गिऱ्हाइकांना घेऊन माझ्यासमोरून थेट मशीनकडं जायचे. माझ्याकडं उरली जुन्या पॅटर्नची डागडुजी.

अशा दिवसांत सुजाता म्हणाली, "माझ्या पोरांसाठी एक वस्तू करून द्याल काय?"

शाहूपुरीच्या मागच्या अंगाला आमच्या वस्तीचं बुद्धविहार आहे. त्याच्या सभागृहात ती बालवाडी चालवते. तिची बालवाडी म्हणजे 'हाताची घडी, तोंडावर बोट' नव्हे. भिंतीलगत बुटकी शेल्फं, त्यावर वस्तू मांडलेल्या. पोरानं यावं, आपल्याला हवं ते उचलावं, बस्कर पसरून त्यावर बसावं आणि मन भरेपर्यंत ते करावं. कुणी तांब्यातून वाटीत पाणी ओततं, कुणी चौकटीवरची बटणं लावतं आणि काढतं, कुणी चिमट्यानं राजमा एका वाटीतून दुसऱ्या वाटीत टाकतं. झालं की वस्तू होती तिथं ठेवायची. घाई नाही, नंबर नाही, आणि मुख्य म्हणजे बाईंनी मध्ये बोलायचं नाही. सुजाता कोपऱ्यात बुटक्या स्टुलावर बसून नुसती बघत असते.

पालकांना हे लवकर पचत नाही. एकदा एक आजोबा काठी आपटत आले. "बाई, घरात नातवानं पाणी वतलं तर आम्ही बडवतोय, आणि तुम्ही तेच शिकवालायसा व्हय?" सुजातानं त्यांना खुर्ची दिली आणि म्हणाली, "अर्धा तास बसा, खरं बोलू नका." आजोबा बसले. नातू तांब्यातून वाटीत पाणी ओतत राहिला, सांडलेलं फडक्यानं टिपत राहिला. जाताना आजोबा मला म्हणाले, "पावणं, आमच्या सुनंलाबी हितं घाला."

मला स्वतःला तिथं बसायला बंदी होती. म्हणजे झाली. मी घराण्यातला गोष्टी सांगणारा माणूस. लग्नकार्यात सगळी पोरं माझ्याभोवती. पहिल्यांदा गेलो तेव्हा एका पोरानं बूट उजव्या-डाव्या पायात बरोबर घातले, आणि मी टाळ्या वाजवून ओरडलो, "शाब्बास रे वाघा!" सगळ्या सभागृहानं हातातलं काम सोडून माझ्याकडं बघितलं. त्या पोरानं बूट काढले आणि पुन्हा घातले, माझ्याकडं बघत. परत काढले, परत घातले, माझ्याकडंच बघत. सुजाता जवळ येऊन हळूच म्हणाली, "बघा. आता त्यो बुटासाठी बूट घालत न्हाई. तुमच्यासाठी घालालाय. भाईर बसा."

तर तिनं सांगितलेली वस्तू म्हणजे दट्ट्यांची पेटी. लाकडाचा लांबट ठोकळा, त्यात दहा भोकं, रुंदापासून अरुंदापर्यंत. प्रत्येक भोकाला त्याच मापाचा लाकडी दट्ट्या, वर धरायला बोंडी. पोरानं सगळे दट्टे काढायचे, मिसळायचे आणि ज्याचा त्याला बसवायचे. नमुना बघायला म्हणून ती गडहिंग्लजच्या एका बालवाडीत गेली आणि तिथल्या मेस्त्रीनं केलेली एक पेटी घेऊनच आली. एसटीत जागा मिळाली नाही म्हणून निम्म्या वाटेपर्यंत ती पेटी कडेवर घेऊन उभी होती म्हणे. आमच्या पोरांना तिनं एवढं कडेवर घेतलं नसेल.

मी पेटी बघितली. बिनपॉलिशची. लाकूड कुठलं ते लाकडालाच ठाऊक नसावं. मी म्हणालो, "हे काय काम हाय?"

"पोरं खेळत्यात त्येनं," ती म्हणाली.

मी सागाचं जुनं, मुरलेलं लाकूड काढलं. लेथवर दट्टे उतरवले. बोंडी अशा की बोट लावलं की बोटाला बरं वाटावं. लाखेचं पॉलिश हातानं चढवलं, इतकं की आपलं तोंड दिसावं. दट्टे भोकातून असे निघायचे की लोण्यातून सुरी. फौंड्रीतल्या चौघांना दाखवली, चौघं म्हणाले, "देवघरात ठिवण्यासारखी झाल्या." मी ती शेल्फावर ठेवली आणि रोज संध्याकाळी सुजाताला विचारायला लागलो.

"आज कुणी घेतली?"

"दोघांनी."

"कुठली?"

"गडहिंग्लजची."

पहिल्या आठवड्यात माझी पेटी सगळ्यांनी एकेकदा उचलली. नंतर कुणी हात लावेना. आणि त्या दुसरीसाठी पोरं नंबर लावून बसायची. मोकळी दिसणारी वस्तू उचलायची सोडून, दुसऱ्याच्या हातातली सुटायची वाट बघत बसायची!

सुजाताचा नियम मला ठाऊक होता. दिवाळीच्या सुट्टीआधी शेल्फ आवरायचं, आणि पोरं जे उचलत नाहीत ते माळ्यावर टाकायचं. भीडभाड नाही. तिच्या सख्ख्या बहिणीनं दिलेला प्लास्टिकचा बोलणारा पोपट आधीच माळ्यावर होता. शिरोलीत माझं काम मशीननं नेलं होतं. आता स्वतःच्या बायकोच्या शेल्फावरून मी माळ्यावर जाणार होतो. शेजारी पोपट.

मग मी माणूस राहिलो नाही. रविवारी विहारात कुणी नसताना व्हर्नियर घेऊन गेलो आणि त्या पेटीची मापं काढली. एक भोक मध्यरेषेतून सरकलेलं सापडलं. एवढा आनंद मला मुलाच्या बारावीच्या निकालालाही झाला नव्हता. घरी येऊन सांगितलं. सुजाता भाकरी थापत होती. म्हणाली, "पोरांस्नी सांगा की." शेल्फावरची अदलाबदल त्यानंतरची. वरच्या फळीवर पोरांचा हात आधी जातो, असा माझा शोध होता. आरूनं त्याचं काय केलं ते सांगितलंच.

त्यातच एकदा तो स्वतः आला. इराप्पा मेस्त्री. पोरांनी लांबीप्रमाणं ओळीत लावायच्या काठ्यांचा संच पोचवायला. माझ्याच वयाचा, कानात बाळी, आवाज असा की बाजारात भोंगा नको. आल्या आल्या, "काय अक्का, बरं हायसा न्हवं?" माझ्या बायकोला अक्का! तिकडं थोरल्या बहिणीला म्हणतात, हे मला कळतं. तरीपण.

त्याची नजर माझ्या पेटीवर गेली आणि त्याचा आवाज एकदम बसला. त्यानं ती उचलली, उजेडाकडं धरली, पॉलिशवरून अंगठा फिरवला.

"ही कुणी केली?"

"मीच."

"आयला. तोंड दिसतंय की हेच्यात." चेहरा पडला होता त्याचा. मला गार वाटलं. "पॉलिश कशाचं?"

"साधंच," मी म्हणालो. लाखेत काय मिसळतो ते मी माझ्या सख्ख्या भावाला सांगितलेलं नाही. "तुमचं लाकूड कुठलं?"

"असंच. रानातलं," तो म्हणाला. दोघंही हसलो. दोघांनाही कळलं की दोघंही खोटं बोलतोय. जाताना तो दारातून मागं वळून माझ्या पेटीकडं दोनदा बघून गेला. त्या दिवशी मला भाकरी एक जास्त गेली.

पण दिवाळी जवळ येत होती. सुट्टीला दोन आठवडे उरले होते तेव्हा मी शेवटचा गुन्हा केला. सुजाता बाहेर कुणा आईशी बोलत उभी होती. आरू बस्कर पसरून मोकळीच बसली होती, गडहिंग्लजची पेटी सुटायची वाट बघत. मी पाय न वाजवता आत गेलो आणि माझी पेटी तिच्यासमोर ठेवली.

"ही कर की. बघ कशी चकाकत्या."

तिनं माझ्याकडं बघितलं, कीव आल्यासारखं. मग सगळे दट्टे काढले आणि एक उचलून मुद्दाम शेजारच्या भोकात घातला. बसला. दुसरा त्याच्या शेजारच्यात घातला. तोही बसला. असे दहाच्या दहा तिनं चुकीच्या घरात घातले. कुठला जरा वर राहिला, कुठला जरा खाली, पण हातात काही उरलं नाही. तिनं पेटी माझ्याकडं ढकलली.

"काका, ही लबाड हाय."

"का गं?"

"ही कायबी घाटलं तरी व्हय म्हणत्या."

"आणि ती?"

"ती न्हाई म्हणत्या. मग परत करायला लागतंय."

मी एक दट्ट्या बाहेर ओढायला गेलो. निघेना. थोरला दट्ट्या धाकट्याच्या घरात पाचरीसारखा आवळून बसला होता. आणि पेटी हातात धरून ओढता ओढता माझ्या डोक्यात उजेड पडला. टेपर! तीस वर्षांच्या सवयीनं मी दट्ट्यांना टेपर दिला होता. भोकांनाही. म्हणून तर ते लोण्यासारखे निघत होते. पण खाली निमुळता होत गेलेला दट्ट्या कुठल्याही शेजाऱ्याच्या घरात डोकं घालू शकतो. इराप्पाचे दट्टे सरळसोट. जाडा दट्ट्या अरुंद भोकात जातच नाही, त्यामुळं कुठं चुकलं असेल तर शेवटी एक दट्ट्या हातात उरतो. मग पोराला कुणी सांगावं लागत नाही. पोर स्वतःच सगळं काढतं आणि पहिल्यापासून लावतं. पोरं नंबर लावून बसायची ती त्यासाठी.

मी पेटी उलटी करून फरशीवर आपटली. दट्टे सुटून सभागृहभर पळाले. सगळी पोरं उठून उभी राहिली. दारात सुजाता.

"भाईर," ती म्हणाली.

घरी गेल्यावर विचारलं, "तुला ठाऊक हुतं?"

"पहिल्याच दिवशी कळलं."

"मग सांगितलं का न्हाईस?"

"इचारलासा कुठं? तुम्ही रोज इचारत हुता, आज कुठली घेतली. माझी का घेत न्हाईत, असं एकदा तरी इचारलासा?"

दुसऱ्या दिवसापासून नवी पेटी धरली. वाटतं तेवढं सोपं नव्हतं. हात आपोआप उतार द्यायचा. लेथवर दट्ट्या सरळ आला असं वाटायचं, व्हर्नियर लावला की खालच्या अंगाला केसभर कमी. तीस वर्षं ज्या हाताची वाहवा झाली तो हात आता ऐकेना. तीन दट्टे चुलीत गेले. आणि सरळ दट्ट्या सरळ भोकात बसवायचा तर नवीच अडचण. घट्ट केला तर हवा अडकून आत जाईना, ढिला केला तर शेजारचाही चालायला लागला. शिवाय पावसाळ्यात लाकूड फुगणार. किती सैल ठेवायचं?

हे विचारण्यासारखा जिल्ह्यात एकच माणूस मला ठाऊक होता. एक दिवस तसाच काढला. दुसऱ्या दिवशी सुजाताच्या फोनवरून नंबर घेऊन लावला.

"इराप्पा मेस्त्री? कोल्हापुरातनं बोलतोय. भोक किती सैल ठिवता ओ?"

पलीकडं भोंगा सुरू झाला. "आधी पॉलिशचं खरं सांगा, पावणं!"

सांगितलं. जिवावर आलं होतं. त्यानंही सांगितलं. पोस्टकार्डाचा तुकडा कडेनं जेमतेम सरकावा एवढं सैल. वर म्हणाला, "आणि पॉलिश भोकात लावू नका. मी पयल्यांदा लावलतो. अक्का नमुना बघायला आल्या तवा पावसानं समदे दट्टे अडकून बसले हुते. अक्का काय शिव्या देतील वाटलं, पण त्या कायबी बोलल्या न्हाईत." म्हणजे त्यालाही ती तसंच वागवत होती. का कोण जाणे, मला हेही रुचलं नाही.

नवी पेटी झाली. दट्ट्या भोकावर धरून सोडला की आतली हवा बाहेर टाकत हळूहळू उतरायचा, दमलेल्या माणसानं खाटेवर अंग टाकावं तसा. मी ती खालच्या फळीवर ठेवली, जुनी होती तिथं. सुट्टीला चारच दिवस होते. सुजाता म्हणाली, "दारात उभं ऱ्हायचं न्हाई. पोरं तुमच्याकडं बघत्यात."

मी बाहेरच्या खिडकीशी उभा राहिलो. पहिल्या दिवशी कुणी हात लावला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मला पोपट दिसायला लागला. तिसऱ्या दिवशी गडहिंग्लजची पेटी मोकळी होती, तरी आरू शेल्फासमोर थांबली. खाली वाकली. माझी पेटी उचलली.

बस्कर पसरलं. सगळे दट्टे काढले, मिसळले. एकेक बसवायला लागली. मधेच एका बारक्या दट्ट्याला तिनं थोरलं घर दिलं, मला खिडकीतून दिसलं. गजावरची माझी बोटं आवळली. ती पुढं लावत गेली. शेवटी एक उरला. जाडा. आणि भोक उरलं बारकं. तिनं दाबून बघितला. फिरवून दाबला. पेटी ढिम्म. ती हातातल्या दट्ट्याकडं बघत बसली. मला आत जाऊन सांगावंसं वाटत होतं, "अगं, तिसरा काढ, तिसरा!" सुजाता कोपऱ्यातून माझ्याकडं बघत होती. मी जीभ चावली.

आरूनं सगळे दट्टे बाहेर काढले आणि पहिल्यापासून लावले. परत एक उरला. परत काढले. तोवर डब्याची सुट्टी झाली, बाकीची पोरं हात धुवायला गेली, चटण्यांचा आणि शेंगदाण्याच्या पोळीचा वास सुटला, तरी ही जागची हलली नाही. शेवटचा दट्ट्या हळूहळू आत उतरला तेव्हा तिनं एक श्वास सोडला. ना हसली, ना कुणाला दाखवायला गेली. परत सगळे काढले आणि परत लावले. मग पेटी उचलून फळीवर ठेवली, कड कडेला लावली, आणि माझ्या खिडकीखालच्या नळावर हात धुवायला आली. मी हातभर अंतरावर. मी खाकरलो. पोरगी हात झटकत डब्याकडं पळाली.

पेटी शेल्फावर राहणार हे नक्की झालं होतं. मी खूश व्हायला हवं होतं. पण संध्याकाळी चहा घेताना माझ्या लक्षात आलं की मशीनचा झाला, इराप्पाचा झाला, आता मला माझ्याच पेटीचा हेवा वाटायला लागला आहे. तिच्यात ती पोर जेवण विसरली. माझ्या गोष्टीत कुणी कधी जेवण विसरलेलं नाही. उलट जेवताना ऐकतात.

मी सुजाताला म्हणालो, "मी खिडकीत हुतो ते तिला दिसलं हुतं. नळावरबी आली. खाकरलो सुद्धा मी. पण पोरीनं एकदा म्हणून वर बघितलं न्हाई."

सुजातानं माझ्या बशीत आणखी चहा ओतला.

"न्हाई न्हवं बघितलं?" ती म्हणाली. "मग जमली म्हणायची तुमची पेटी."